तोंड उघडून पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. चार महिने ‘तोंड आले आहे’ म्हणून येणाऱ्या बाईंना दर खेपेस बी कॉम्प्लेक्स लिहून दिले, पाठीवर फोड उठल्यावर पेम्फिगस व्हल्गॅरिसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड येण्याच्या आजाराचे) निदान झाले, आणि ‘इतका विरळ आजार मला कसा सुचावा?’ असे तू विचारतेस. सुचायला नको होता, दिसायला हवा होता. या आजाराची सुरुवात निम्म्याहून अधिक रुग्णांत तोंडातूनच होते, आणि केसपेपरवर तोंडाच्या तपासणीची एक ओळही नाही, असे तूच लिहितेस. तोंड उघडून पाहा, हे पहिल्या वर्षापासून किती वेळा सांगायचे?

तिथे अख्खा फोड सापडत नाही. त्याचे आवरण इतके नाजूक असते की घासानेही फाटते, आणि उरतात त्या वेड्यावाकड्या कडांच्या, आठवडेच्या आठवडे न भरणाऱ्या, सोललेल्या जागा. साधे तोंड आले तर दहा-पंधरा दिवसांत भरून येते; लायकेन प्लॅनस या त्वचेच्या नि तोंडाच्या दुसऱ्या आजारात गालाच्या आत बहुधा पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. टाळू, हिरड्या, जिभेखालची जागा, सारे टॉर्च धरून पाहा. कवळी असेल तर काढायला सांग.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. एका शेतमजूर बाईंना ‘तिखट सोडा’ एवढे सांगून मी दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा अंग सोललेले होते आणि ताप चढलेला होता. घाईत बायोप्सीचे दोन्ही तुकडे मी फॉर्मॅलिनमध्ये टाकले, आणि त्यामुळे इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे त्वचेत अडकलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी, करताच आली नाही. त्या वाचल्या नाहीत. बाहेर शंभरेक माणसांची रांग होती आणि हाताखाली कोणी नव्हते, हे खरे आहे, ते मी आजही स्वतःला ऐकवतो. पण तोंड पाहायला अर्धे मिनिट लागते. स्टेरॉईड येण्यापूर्वी हा आजार बहुतेकांचा जीव घेत असे. त्वचारोगतज्ज्ञ पसरिचांनी १९८०च्या दशकात दिल्लीत पल्स उपचार (ठरावीक अंतराने स्टेरॉईडचे मोठे डोस) रूढ केले, आता रिटुक्सिमॅब हे औषधही आहे. तेव्हा औषध नव्हते, ही सबब मलाही नव्हती.

सोमवारी बायोप्सी घेताना एक तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा शेजारच्या न सोललेल्या त्वचेचा, तो इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, तुकडा जपणाऱ्या मिशेलच्या द्रावणात, आणि ते नसेल तर सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचव. त्याआधी त्यांचे तोंड पाहा आणि कागदावर लिही. बाई भाकरी खाऊ लागल्या की मला कळव.