पूर्वी कधीच न भेटलेला जंतू शरीर लगेच कसा ओळखतं?

शरीर एकेक जंतू ओळखत बसत नाही, जंतूंच्या अख्ख्या जमातीत सारख्या असणाऱ्या खुणा ओळखतं. उदा. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा साखर-मेदाचा रेणू असतो, जो आपल्या पेशींत नसतोच. आपल्या पेशींवरचे टोल-लाइक रिसेप्टर (अशा खुणा ओळखणारी प्रथिनं) नेमकं असलंच काही टिपतात. माणसात ते 10 प्रकारचे आहेत. ही ओळख जनुकांतच असल्यामुळे (म्हणूनच ही जन्मजात प्रतिकारयंत्रणा) प्रतिसाद काही मिनिटांत, फार तर काही तासांत सुरू होतो.

अर्थात बरेचसे जंतू इथवर पोचतच नाहीत. त्वचा, नाकातला शेंबूड, जठरातलं आम्ल परस्पर निकाल लावतात. अश्रूंतलं लायसोझाइम हे विकर तर जिवाणूंची भिंतच फोडतं.

आता बोटात काटा घुसला असं धरा. तिथल्या मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी इशारा देणारी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो. म्हणून बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. (त्रास होतो खरा, पण ही लढाई सुरू झाल्याची खूण आहे.) मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जंतू गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मढी.

विषाणू पेशीच्या आत लपतो, तिथे डाव वेगळा. बाधित पेशी इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करते आणि नॅचरल किलर या पांढऱ्या पेशी त्या बाधित पेशीलाच मारून टाकतात.

अँटिबॉडी (ठरावीक जंतूला चिकटणारी प्रथिनं) वगैरे नंतरच्या. त्या यायला काही दिवस जातात, आणि ती फळी जागी करणाऱ्या डेंड्रिटिक पेशीही याच जन्मजात यंत्रणेतल्या.