पिन्हास पराशावर बोलायचंय? 27व्या अध्यायापासून सुरुवात करा

शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) तरुण मंडळींपुढे पिन्हास पराशावर, म्हणजे तोराच्या त्या आठवड्याच्या वाचनभागावर, दहा मिनिटं बोलायचंय, त्यातून शिक्षण आणि नेतृत्व कसं मांडू, पिन्हासनं भाल्यानं दोघांना मारलं त्या प्रसंगापाशीच अडकलोय, असं तुम्ही विचारलंत. माझं ऐकाल तर भाला या खेपेला बाजूला ठेवा. तो प्रसंग फार अवघड आहे, दहा मिनिटांत त्याला न्याय मिळत नाही. थेट तोरातल्या गणना या पुस्तकाच्या 27व्या अध्यायावर या.

तिथे सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, भर सभेत इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहतात. वडील वारले, भाऊ नाही, म्हणून वडिलांचं नाव कुळातून का पुसायचं? जमिनीत आम्हालाही वाटा द्या. मोशे वेळ मारून नेत नाही की त्यांना गप्प बसवत नाही. तो त्यांचा दावा देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. सगळ्यांना नियम शिकवणारा माणूस सगळ्यांदेखत स्वतः विचारायला जातो. मला विचाराल तर अख्ख्या पराशात याहून मोठी गोष्ट नाही.

लगेच पुढे मोशेच्या वारसाची निवड आहे. मिद्राश, म्हणजे जुन्या रब्बींचं कथारूप भाष्य, सांगतो की आपली मुलं आपल्या जागी यावीत असं मोशेला वाटत होतं, पण त्या मुलांनी अभ्यासाकडे लक्षच दिलं नव्हतं. यहोशवा मात्र सगळ्यांआधी यायचा, सगळ्यांनंतर जायचा, शिकायच्या जागी बाकं लावायचा, चटया अंथरायचा. मान त्याला मिळाला. बाकं-चटयांचा हा तपशील गाळू नका. आपल्याकडे सिनेगॉगमध्ये खुर्च्या मांडणाऱ्या मुलांना तो बरोबर कळतो.

आता याच अध्यायातलं 18वं आणि 23वं वचन शेजारी ठेवून वाचा. देव म्हणतो, यहोशवावर तुझा हात ठेव. मोशे दोन्ही हात ठेवतो. 11व्या शतकातले भाष्यकार राशी यांनी हा फरक हेरला: सांगितलं त्याहून जास्त, मोकळ्या मनानं दिलं, भांडं शिगोशीग भरावं तसं. हातचं राखून शिकवलं की पुढारी घडत नाहीत, हे सांगायला याहून चांगला आधार मिळणार नाही.

वेळ उरला तर बेने इस्राएलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या, परंपरेतले शिक्षक दावीद राहबी आणा. कोकणात आपले लोक शब्बाथ आणि शेमा ही प्रार्थना सांभाळून होते, हिब्रू मात्र विसरले होते. राहबींनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतले तिघे निवडून त्यांना शिकवलं आणि तेच पुढे गावोगावचे काजी, म्हणजे समाजाचे धर्मपुढारी, झाले, असं आपली जुनी माणसं सांगत आली आहेत. ‘नेतृत्वाचे पाच गुण’ वगैरे यादी मात्र करू नका, मुलं तिथेच कंटाळतात. त्यापेक्षा अध्यायाची पहिली सात वचनं तुमच्यातल्याच एखाद्या मुलीला मराठीतून मोठ्यानं वाचायला द्या आणि तुम्ही त्यानंतर बोलायला उभे राहा.