फर्लांग म्हणजे 'फार लांब' का?

आजोबा "देऊळ दोन फर्लांगावर आहे" म्हणायचे, तर हा शब्द 'फार लांब' वरून आला का असं एकानं विचारलंय. ऐकायला छान जुळतं पण नाही, आणि दोन फर्लांग म्हणजे जेमतेम ४०० मीटर, फार लांब कुठलं! फर्लांग पक्का इंग्रजी शब्द आहे आणि तोही शेतातला. जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचं तास (नांगरताना जमिनीत पडणारी चर) आणि 'लांग' म्हणजे लांब, मिळून एका तासाची लांबी.

तास एवढं लांब का, तर बैलांमुळे. तिकडची माती जड, ओली, नांगरही अवजड, त्याला आठ-आठ बैल जुंपायचे. आपल्याकडे एक जोडी बांधाशी वळवायची तरी नांगर उचलून धरावा लागतो, आतला बैल जागच्या जागी थबकतो, बाहेरचा मोठा फेरा घेतो, मग परत ओळीत आणा, ज्यानं केलंय त्याला माहितीये. आठ बैलांची रांग वळवायची म्हणजे विचार करा! म्हणून वळणं कमीत कमी आणि पट्टे लांबच लांब. टोक यायच्या आधीपासूनच बैल एका अंगाला न्यायला लागायचे त्यामुळे ते पट्टे उलट्या 'एस' सारखे वाकले, इंग्लंडच्या मिडलंड्समधे कुरणांत त्यांचे उंचवटे अजून दिसतात. मला हे फार भारी वाटतं, बैलांची चाल शेकडो वर्षं जमिनीवर उमटून राहिलीय.

अशा शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या अख्ख्या गटालाही तिकडे फर्लांगच म्हणायचे.

आणि एकर याचाच जोडीदार. मूळ अर्थ नुसतं शेत, संस्कृत 'अज्र' आणि लॅटिन 'अगेर' यांचा सख्खा भाऊ. पुढे बैल दिवसभरात नांगरतील तेवढी जमीन म्हणजे एकर, मग माप पक्कं झालं, एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद. हे २२ यार्ड म्हणजे मोजणीची एक साखळी, क्रिकेटची खेळपट्टीही तेवढीच. १५९३ मधे मैल कायद्यानं ठरवला तेव्हा तोसुद्धा बरोब्बर ८ फर्लांगांचा केला.

आता अर्धी साखळी घ्या, ३३ फूट. ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे आपला गुंठा, असे ४० झाले की एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर येतं, पण गावात जमिनीचा सौदा अजून एकर-गुंठ्यातच बोलतात.