फक्त बिअर घेणाऱ्यालाही कॅन्सरचा धोका असतो का?

तुम्ही फक्त बिअर घेता आणि त्यानेही धोका असतो का, असं विचारलंय. हो, असतो. मी दातांचा डॉक्टर आहे. "दारू नाही हो, फक्त बिअर" हे पेशंटकडून नेहमी ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशोब आतल्या अल्कोहोलचा करायचा. ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ४० ग्रॅम. म्हणजे एक बाटली संपली की दोन लार्ज पेग झाले. माइल्ड घेतलीत तरी सव्वा पेग होतोच.

शरीरात या अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं आणि ती इजा दुरुस्तही होऊ देत नाही. तोंडातले जंतूसुद्धा ते बनवतात, त्यामुळे लाळेत त्याचं प्रमाण बरंच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणी धोका वाढतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर रोजच्या एका छोट्या पेगनेही वाढतो. 'थोडी वाईन चांगली असते' असं बायकांना सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, "सोबत मावा असतो", म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, त्याने मला जास्त काळजी वाटली. अल्कोहोलमुळे तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून तंबाखूतली विषं सहज आत झिरपतात. दोन्ही एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो. माव्यातली सुपारीही पहिल्याच गटात आहे. दोन्ही एकदम सुटत नसेल तर आधी मावा सोडा, आणि तोवर निदान बिअरबरोबर तरी खाऊ नका. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. बिअर कमी केल्याचा किंवा सोडल्याचाही उपयोग होतो. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका त्याने घटतो, असं त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलंय.

आज आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट खाताना होणारी आग, किंवा तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर दुखत नसलं तरी याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरला दाखवा. सरकारी डेंटल कॉलेजात ही तपासणी अगदी कमी खर्चात होते.