चौथ्या सीटवरची नजर

प्रश्न : मी २६ वर्षांची. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला येते. तोंडाभोवती आणि बोटांच्या टोकांवर कोड आहे. परवा लोकलमध्ये चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, टेकले, तर शेजारची बाई उठून दारात जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत मी कुणाच्या लग्नातल्या फोटोत उभी राहिलेले नाही. घरचे म्हणतात, ‘आता स्वीकार.’ मग उपचार सोडू का?

उत्तर : उपचार कशाला सोडायचे? स्वीकारणं म्हणजे हात टेकणं, असं घरच्यांनी धरलेलं दिसतं. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते स्पर्शाने होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचं नातं नाही. ‘पांढरं कुष्ठ’ हे जुनं नाव मात्र अजून छळतंय. ती बाई बहुधा त्या नावालाच घाबरून उठली.

चेहऱ्यावरचे डाग उपचारांना बऱ्यापैकी दाद देतात. ओठ आणि बोटांची टोकं हट्टी असतात. फोटोथेरपी, म्हणजे डागांवर ठरावीक प्रकाश सोडायचा उपचार, आठवड्यातून दोन-तीनदा घेतली तरी तिचा अंदाज यायला सहाएक महिने जातात. तोवर फोटोही बंद? मला डागांपेक्षा हे जास्त खटकलं. पुढच्या लग्नात मागच्या रांगेत का होईना, उभ्या राहा.

लोकलसाठी एक वाक्य तयार ठेवा : ‘कोड आहे, कुणाला लागत नाही.’ एवढं बोलून मोबाइल काढा. एखाद्या दिवशी तेवढंही त्राण नसेल, तर खिडकीबाहेर बघा. अख्ख्या डब्याला शहाणं करायचा मक्ता तुम्ही घेतलेला नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया तान्हेपणी झाली, वण राहिलाय. वर्गात चिडवतात. सासूबाई म्हणतात, मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. (लालबाग)

उत्तर : आधी ती विळी डोक्यातून काढा. गर्भाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, कधीकधी जुळायचा राहतो. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही, तुमचा दोष तर नाहीच. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. सुनेचं कोण ऐकतं! मुलालाही साधं सांगा : ‘तू पोटात असताना ओठ जुळायचा राहिला, डॉक्टरांनी शिवला.’ चिडवणाऱ्यांना हेच उत्तर त्याला पुरेल. वर्गशिक्षिकेला जरूर भेटा, पण त्याला विचारून. आणि फोटो काढताना ‘मान इकडे वळव’ म्हणत असाल, तर ते आजच बंद करा. मुलांना सगळं कळतं.

प्रश्न : दोन्ही हातांवर भाजल्याचे वण आहेत, म्हणून मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. लग्नाच्या बायोडेटात लिहू का? (वय ३१, भांडुप)

उत्तर : बायोडेटात गरज नाही. पहिल्या भेटीत, चहा संपायच्या आत, स्वतः सांगा. मामांवर सोपवू नका. आणि भेटीला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जा, म्हणजे सांगायचं अर्धं काम झालंच.