वाचकांचे प्रश्न : वडिलांची बंदूक आणि घरामागचे परडे

प्रश्न : आमचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी बंदूक होती, तिचा परवानाही त्यांच्याच नावावर आहे. बंदूक आणि काडतुसांचा एक डबा सध्या माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवला आहे. गाव आता शहराला लागले असले तरी परड्यात वानरे येतात आणि मागच्या रताळ्याच्या शेतात रात्री डुकरे शिरतात. थोरला भाऊ म्हणतो की भिंतीकडे तोंड करून दोन बार काढले की झाले, परवाना घरात आहेच. हे चालेल का? — एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : परवाना आपल्या घरात नाही, परवान्याचा कागद तेवढा आहे. शस्त्र परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा बंदुकीला नव्हे, आणि ज्यांना तो मिळाला होता ते आता नाहीत. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 नुसार, कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदेशीर ठरले की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूपायी मुलांवर ही वेळ यावी, असे आपल्या वडिलांनाही वाटले नसते.

म्हणून या आठवड्यातच ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. कन्नडमध्ये लिहिता येत नसेल तर इंग्रजीत लिहावा, सोबत मृत्यू दाखला आणि जुन्या परवान्याची प्रत जोडावी. बंदूक मोटारसायकलवर आडवी धरून ठाण्यात नेऊ नये. ती कशी आणावी हे आधी ठाण्यालाच विचारावे आणि शक्य असेल तर त्यांनाच घरी येऊन ताब्यात घेण्याची विनंती करावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, ती बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. पुढे तीच बंदूक परत मिळवताना हीच पावती कामी येते.

बंदूक कायमची जाईल ही भीती मनातून काढून टाकावी. 2016 च्या शस्त्र नियमांत कायदेशीर वारसाला परवाना मागण्याची सोय आहे. भावाबहिणींपैकी एकाने अर्ज करायचा, बाकीच्यांनी संमती द्यायची. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण हवे आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. बेळगाव पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज आयुक्तांकडे, हद्दीबाहेर तो डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ज्यांच्या घरी वडील हयात आहेत अशा वाचकांसाठी आणखी एक सांगतो : परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावे ते करण्यासाठी अर्ज करू शकतो. आपल्या भागात माजी सैनिक गावोगावी आहेत, तरी ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

आता परड्याविषयी. परवाना हाती असला तरीही मी आपल्या भावाला बार काढू नका असेच सांगेन. बारा बोअरच्या काडतुसातील बारीक छर्रा सुमारे दोनशे मीटर जातो, एसजीसारखा मोठा छर्रा सहाशे मीटरच्याही पुढे पोहोचू शकतो. आपले परडे तीस-चाळीस फूट असेल. त्यापलीकडे शेजारणीची दोरीवर वाळत घातलेली लुगडी आहेत, मुलांची सायकल आहे, क्लासला जायची वाट आहे. जांभ्याच्या भिंतीवर आपटलेला छर्रा तिथेच थांबेल असेही नाही. तो कोणत्या दिशेने उलटेल याचा नेम नसतो. बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास शस्त्र अधिनियमानुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्नाच्या वरातीत हवेत काढलेल्या बारालाही हेच कलम लागते.

डुकरांनी रातोरात रताळ्याचे वाफे उकरून टाकलेले मी स्वतः पाहिले आहेत, सहा महिन्यांची मेहनत सकाळी मातीत कालवलेली दिसते तेव्हा काय वाटते हे मला कळते. तरीही रानडुकराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्याला मारणे हा शिकारीचाच गुन्हा ठरतो. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईसाठी वनखात्याकडे लगेच अर्ज करावा.

शेवटची विनंती अशी, की बंदूक ठाण्यात जाईपर्यंत ती ‘रिकामी आहे’ असे कोणीही समजू नये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाकडे अशीच दुनळी होती आणि ती रिकामी असल्याची घरातल्या सगळ्यांना खात्री होती. शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराने नळीचे तोंड भिंतीकडे ठेवून, चापापासून बोट दूर धरून ती मधून मोडून उघडली, तेव्हा उजव्या नळीच्या मुळाशी काडतुसाची हिरवट गंजलेली पितळी कड दिसली. आजोबांच्या मृत्यूनंतर ती तशीच भरलेली राहिली होती, आणि दर दसऱ्याला नातवंडे तिला हळदकुंकू लावत होती. आपल्या घरी कोणाला हे काम येत नसेल तर धोतर सोडूसुद्धा नये, माळ्याच्या खोलीला कुलूप लावावे.

प्रश्न : कोडगूत बंदुकीला परवाना लागत नाही म्हणतात. मग त्याच कर्नाटकात राहणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना का लागतो? — एक वाचक, खानापूर

उत्तर : ती सवलत कोडव समाज आणि तेथील जम्मा (वंशपरंपरागत हक्काच्या) जमिनीचे धारक यांच्यापुरतीच आहे, राज्यासाठी नाही. ती ब्रिटिश काळापासून चालत आली असून 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आपल्यासाठी दुसरी वाट आहे : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची तरतूद कायद्यातच आहे. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांनी अर्जासोबत सातत्याने झालेल्या पीकहानीचे पंचनामे जोडावेत. मात्र हा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझी शेती चंदगड तालुक्यात आहे आणि घर बेळगावात. परवान्याची बंदूक राखणीला नेता येईल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो, तो आधी वाचावा. त्यात फक्त जिल्हा किंवा कर्नाटक राज्य लिहिले असेल तर शिनोळीजवळ महाराष्ट्राची हद्द लागताच ती बंदूक विनापरवाना ठरते, मग शेत बांधापलीकडे चार पावलांवर का असेना. आपण रोज दूध, भाजी, पाहुणे घेऊन ही सीमा ओलांडतो, म्हणून ती आपल्याला जाणवत नाही. पण बंदूक घेऊन ओलांडायची तर क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि तशी नोंद परवान्यावर होईपर्यंत शेताची राखण बॅटरी, फटाके आणि कुत्र्यांवरच ठेवावी.