कर्ज 11 टक्क्यांनी, बचत साडेपाच टक्क्यांनी

प्रश्न : माझं वय 53, खासगी नोकरी, पगार महिना 75 हजार, निवृत्ती 58व्या वर्षी. मुलीला मास कम्युनिकेशनच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. फी 14 लाख. दोन लाख आम्ही भरू, 12 लाखांचं शैक्षणिक कर्ज बँक 11 टक्क्यांनी देते आहे. राहतं घर तारण, मी सहकर्जदार. मंजुरीपत्र आलंय, पैसे अजून उचललेले नाहीत. विद्यापीठाचं सरासरी पॅकेज सहा लाख आहे. तिच्या पगारातून कर्ज फिटेल ना? कर्ज मंजूर व्हावं म्हणून बँकेच्या सांगण्यावरून वर्षाला एक लाखाची पॉलिसीही घेतली आहे. हप्ते दहा वर्षं, 15व्या वर्षी 18 लाख मिळतील. कागद गेल्याच आठवड्यात हाती आले. वेळ पडली तर कर्ज त्यातून फेडू, शिवाय करसवलत आहेच. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पदवीचं नंतर बघू. आधी ती पॉलिसी परत करा. कागद हाती आल्यापासून 30 दिवस फ्री लूक कालावधी असतो. तेवढ्या मुदतीत लेखी कळवलं, तर मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे परत मिळतात. हे उत्तर छापून येईपर्यंत मुदत टळू नये म्हणून एवढा भाग तुम्हाला आधीच कळवला आहे.

आता का ते सांगतो. दहा वर्षांत दहा लाख भरून 15व्या वर्षी 18 लाख, म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तोही विकणारा म्हणतो तेवढे पैसे मिळाले तर. त्या 18 लाखांपैकी हमी किती आणि अपेक्षित बोनस किती, हे कागदावर वाचा. एका खिशातून 11 टक्क्यांनी कर्ज काढायचं आणि दुसऱ्या खिशात साडेपाच टक्क्यांनी साठवायचं, याला बचत म्हणत नाहीत.

तारखा तर कोणी पाहिलेल्याच दिसत नाहीत. शेवटचा हप्ता तुम्ही 62व्या वर्षी भरणार, पगार थांबणार 58ला. निम्मे हप्ते कशातून भरणार? तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष हप्ते न भरण्याच्या सवलतीचं धरलं, तर कर्जाचे ईएमआय तुमच्या 57व्या वर्षी सुरू होतील आणि दहा वर्षांची फेड 67ला संपेल. पॉलिसी पिकणार 68ला. ज्या पैशातून कर्ज फेडायचं, तो पैसा कर्ज संपल्यावर वर्षभराने येणार! करसवलतीचंही तसंच. वर्षाला नऊ लाख पगारावर आज नव्या करप्रणालीत तुम्हाला कर लागतच नाही. मग सवलत कशावर?

आणि कर्जासाठी पॉलिसीची सक्ती बँकेला करता येत नाही. शाखेत तोंडी वाद घालू नका, लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. कर्जाला विम्याचं संरक्षण हवंच असेल, तर साधा मुदतीचा विमा पुरतो.

आता तुमचा प्रश्न. दरवर्षी चार लाख उचलले, तर चार वर्षांत साधं व्याजच चार लाखांच्या घरात जातं. म्हणजे ईएमआय सुरू होताना डोक्यावर 16 लाख. दहा वर्षांसाठी महिना 22 हजार. मुलीचा पहिला पगार हातात 25 हजार येईल, असं मी धरतो. कामं बहुतेक मुंबई-पुण्यात, तिथे खोली, डबा, प्रवास. उरलेल्या तीन हजारांत हे बसत नाही, म्हणजे ईएमआय तुमच्याकडे येणार आणि वर्षभरात तुम्ही निवृत्त. घर तारण आहे, हे विसरू नका.

पण पॅकेज सहा लाख आहे ना, असं म्हणाल. सरासरी कोणाची ते विचारा. वर्गातल्या सगळ्यांची, की नोकरी लागलेल्यांचीच? दोघातिघांना मोठ्या जाहिरात कंपनीत जागा मिळाली की सरासरी फुगते. पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाला किती मिळाले, तो आकडा मागा. गेल्या दोन तुकड्यांतल्या चार मुलांशी मुलीलाच बोलू द्या. पत्रकारिता करायची असेल तर तेवढी चौकशी तिला जमायला हवी.

माझा हिशोब उलटा आहे. ईएमआय पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे आठ हजार. त्यात सुमारे सहा लाखांचं कर्ज बसतं, तेही व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेलात तर. पॉलिसीत जाणारा एक लाख त्यासाठीच वापरा. दरमहा व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात, विचारून घ्या. तुमचे दोन लाख, कर्जाचे सहा आणि तीन वर्षांत व्याज भरून उरलेले दीड लाख, अशी तुमची ऐपत साडेनऊ लाखांची. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या शैक्षणिक कर्ज हमी योजनेत तारण लागत नाही, त्यामुळे घरही मोकळं राहतं. (पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची तीन टक्के व्याजसवलत आठ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाला आहे, तुम्ही त्यात बसत नाही.)

14 लाखांची पदवी या हिशोबात येत नाही, तेव्हा ती घेऊ नका. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत मास मीडियाची पदवी आहे, तिची फी काढा. पदवीनंतर भारतीय जनसंचार संस्थेत प्रवेशासाठी प्रयत्न करता येईल. तिचं केंद्र अमरावतीलाही आहे, तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. कर्ज घ्यायचंच असेल तर ते त्या टप्प्यावर घ्यावं. तोवर मुलगी 21 वर्षांची असेल, हातात केलेलं थोडं काम असेल, आणि या क्षेत्रात राहायचं की नाही हे तिला कळलेलं असेल.

विद्यापीठाने जागा राखण्यासाठी काही रक्कम घेतली असेल, तर परताव्याची शेवटची तारीख आजच पाहून ठेवा. मंजूर कर्ज उचललंच पाहिजे असं नाही. प्रोसेसिंग फी भरली असेल, तर ती गेली असं समजा.